जिभेच्या शस्त्रक्रियेनंतर तोंडाचे काम कितपत सुधारले, हे घरी कसे मोजावे?

नमस्कार. माझ्या वडिलांना (वय ६१) जिभेच्या डाव्या कडेला कर्करोग झाला होता. सात महिन्यांपूर्वी शस्त्रक्रियेत जवळजवळ अर्धी जीभ काढून तिथे हाताची त्वचा लावली, मानेतल्या गाठी काढल्या आणि पुढे रेडिएशनचे ३० शेक झाले. आजार सध्या आटोक्यात आहे.

दर तपासणीला डॉक्टर विचारतात, ‘जेवण जातं का? बोलणं कसं आहे?’ आणि आम्ही ‘बरं आहे’ म्हणून मोकळे होतो. हे उत्तर पुरेसे खरे नाही, हे मला गेल्या आठवड्यात जाणवले. बाबा किराणा दुकानदाराला फोनवर सामान सांगत होते. ‘तुरीची डाळ’ त्यांनी तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा पलीकडून ‘काय?’ असेच आले. शेवटी फोन आईच्या हातात देऊन ते ओट्यावर जाऊन बसले. ‘ड’ आणि ‘ळ’ म्हणायला जिभेचे टोक वर वळावे लागते, ते त्यांचे वळत नाही. पण घरात आम्हाला त्यांचा शब्द न् शब्द कळतो, कारण आमच्या कानांना त्या उच्चारांची सवय झाली आहे.

जेवणाचेही तसेच. वरणात कुस्करलेली भाकरी ते खातात, मात्र त्याला पाऊण तास लागतो, घास डाव्या गालात साठतो आणि बोटाने पुढे सरकवावा लागतो, म्हणून पाहुणे आले की ‘भूक नाही’ म्हणून ते पानावर बसतच नाहीत.

तोंड किती उघडते एवढे मात्र मी मोजते. वरच्या व खालच्या पुढच्या दातांमधले अंतर रेडिएशन संपताना ३६ मिलिमीटर होते, आता २९ आहे. बोलणे, गिळणे आणि चारचौघांत जेवणे यांची अशीच प्रामाणिक नोंद कशी ठेवावी? पाणी पिण्याची चाचणी घरी घेता येते का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

मी स्पीच थेरपिस्ट आहे. तुमच्या नोंदींतला २९ हा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ३५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी उघडणे म्हणजे तोंड आखडले, असे सर्वसाधारणपणे मानतात. रेडिएशननंतर चावण्याचे स्नायू हळूहळू ताठर होत जातात. मात्र आकडा उतरत असेल तर आजार पुन्हा उद्भवलेला नाही याचीही खात्री करावी लागते. त्यामुळे पुढच्या तारखेची वाट न पाहता वही घेऊन डॉक्टरांना भेटा आणि तोंड उघडण्याचे व्यायाम विचारा.

बोलण्याचा निवाडा घरच्यांनी करू नये, हे तुम्ही अचूक ओळखले आहे. ट, ड, ण, ळ आणि त, द, ल, र असलेली दहा वाक्ये त्यांच्याकडून दर महिन्याला फोनवर रेकॉर्ड करून घ्या, ती वाक्ये माहीत नसलेल्या व्यक्तीला ऐकवा, तिला ऐकू आले ते लिहायला सांगा आणि बरोबर आलेले शब्द मोजा. दर वेळी ऐकणारी व्यक्ती नवी हवी.

डोके व मानेच्या कर्करोगासाठी आम्ही पीएसएस-एचएन नावाची मोजपट्टी वापरतो. तिच्यात आहार, चारचौघांत जेवणे आणि बोलणे समजणे या तिन्हींना शून्य ते १०० असे वेगवेगळे गुण देतात. म्हणजे पाहुण्यांपुढे न जेवणे हीसुद्धा नोंदवण्याजोगी वैद्यकीय बाब आहे, ती डॉक्टरांना आवर्जून सांगा. शिवाय ईओआरटीसी या युरोपीय कर्करोग संशोधन संस्थेची डोके व मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठीची ३५ प्रश्नांची प्रश्नावली मराठीत झालेली आहे. ती वडिलांनी स्वतः भरावी, तुम्ही त्यांच्या वतीने नव्हे.

पाण्याची चाचणी घरी घेऊ नका. ठरावीक पाणी, बहुधा १०० मिलिलिटर, पाजून आम्ही घोट आणि सेकंद मोजतो. पण पाणी श्वासनलिकेत जात असेल तर ती धोक्याची ठरते, आणि काहींना तेव्हा ठसकाही लागत नाही. घरी जेवणाला लागलेली मिनिटे, ठसके, जेवणानंतर आवाज ओलसर (घशात पाणी अडकल्यासारखा) येतो का आणि आठवड्याचे वजन एवढे लिहा.

तोंडाचे माप दर वेळी त्याच दोन दातांमध्ये आणि त्याच वेळी घेता ना? सकाळी तोंड अधिक आखडलेले असू शकते, त्यामुळे वेळ बदलली असेल तर तीही वहीत लिहा.