बोन्सायवरचे हे किडे कोणते? पांढरे केसाळ, तपकिरी टेंगळं आणि मातीत उड्या मारणारे

कुंडीतला_वड

फायकस मायक्रोकार्पा, जेड आणि जुनिपर अशी तीन झाडं आहेत. तिन्हींवर काही ना काही दिसतंय, पण ओळख पटत नाही.

फायकसच्या पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके आहेत. त्यांत काही पांढरे केसाळ किडे बरेच मोठे, जवळजवळ १ सेंमीचे, आणि डिवचलं की लगेच चालू लागतात. खोडावर २ मिमीची तपकिरी टेंगळं. शेंड्याची नवी पानं मधल्या शिरेपाशी दुमडून मिटलेली, उघडली तर आत बारीक काळे किडे. मुंग्यांची ये-जा चालूच असते. पाणी घातलं की मातीतून १-२ मिमीचे पांढरे जीव उड्या मारतात.

जेडच्या पानांवर पांढरे ठिपके, जवळपास सगळ्या पानांवर सारखेच. जुनिपरची आतली पालवी फिकट, धुरकट झालीय, पण किडा एकही सापडत नाही.

हाताशी कडुनिंबाचं तेल आणि इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक आहे. तिन्ही झाडांना सरसकट इमिडाक्लोप्रिड दिलं तर चालेल का?

भिंगवाला

बाटली तूर्त उघडू नका. यातल्या एक-दोन गोष्टी बहुधा कीडच नाहीत, आणि एक पाहुणा तर तुमच्याच बाजूचा दिसतोय.

कापसाचे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. पण पिठ्या ढेकणाची मादी ३-४ मिमीच्या पुढे क्वचितच जाते, आणि चालते तीही अगदी संथ. १ सेंमीचा आणि चपळ असेल तर ती बहुतेक क्रिप्टोलेमस या लेडीबर्ड भुंगेऱ्याची अळी. ती पिठ्याच खाते आणि दिसतेही त्याच्यासारखी. फरक भिंगातून कळतो. पिठ्याच्या कडेने मेणाचे आखूड, एकसारखे दोरे असतात. अळीचे दोरे लांब, वाकडेतिकडे, विस्कटलेले. तिला ओल्या ब्रशने कागदावर उलटी करा: पुढच्या भागात पायांच्या तीन ठळक जोड्या दिसतील. पिठ्याचे पाय इतके बारीक की शोधावे लागतात. आसपास ४ मिमीचा, गडद अंगाचा आणि नारिंगी डोक्याचा भुंगेरा दिसला तर शंकाच नको.

लहान अळ्या त्याच पुंजक्यांत लपलेल्या असतात, म्हणून सरसकट फवारलंत तर शिकारी आधी मरेल. त्याआधी मुंग्यांचं बघा. पिठ्याचा गोड चिकटा मिळावा म्हणून मुंग्या त्याची राखण करतात आणि शिकाऱ्यांना हुसकावतात. कुंडीखाली चार पाये देऊन ते पाण्याच्या वाट्यांत ठेवा. फांदी भिंतीला किंवा शेजारच्या झाडाला टेकत असेल तर मुंग्यांना तोच पूल होतो, तेवढं तपासा.

खोडावरची टेंगळं ही खवले कीड (कवचाखाली बसून रस शोषणारी) असेल किंवा नुसती वातरंध्रं, म्हणजे सालीची श्वासाची छिद्रं. फायकसच्या सालीवर वातरंध्रं ठळक असतात, बरीचशी आडव्या रांगांत. नखाने एक टेंगूळ हलकेच उचकटा. वातरंध्र सुटत नाही, सालच सोलली जाते. खवला अख्खा निघतो आणि खाली ओलसर शरीर, पिठासारखी अंडी किंवा रिकामी जागा दिसते. साल दुखावली की फायकसचा पांढरा चीक येतो, तो किड्यातून आला असं समजू नका; हा घोळ फार जणांचा होतो. खवल्याला गोल भोक असेल तर त्यातून परजीवी गांधीलमाशी बाहेर पडून गेली आहे, तो खवला मेलेला.

पानगळ

दुमडलेल्या पानांतले काळे किडे म्हणजे फायकसचे फुलकिडे, गायनाकोथ्रिप्स. प्रौढ काळे, सुमारे ३ मिमी, पिल्लं पिवळट, अंडी त्याच घडीत. पानावर तांबूस-जांभळे ठिपकेही असतील. वरून काहीही फवारलं तरी मिटलेल्या पानाच्या आत पोचत नाही. दुमडलेली सगळी पानं देठाशी कापा, लगेच पिशवीत घालून तोंड बांधा. कंपोस्टात टाकू नका. झाड जोमात असेल तर एवढी पानं गेल्याने फायकसला काही होत नाही. पुढची पालवी फुटताना दर दोन-तीन दिवसांनी शेंडे बघा आणि दुमडायला लागलेलं पान तेव्हाच काढा.

इमिडाक्लोप्रिड मुळांतून रसात जातं, त्यामुळे मावा, पिठ्या, मऊ खवले यांवर चालतं. कठीण कवचाच्या खवल्यांवर फारसं नाही, आणि कोळ्यांवर (झाडाचा रस शोषणारे ठिपक्याएवढे जीव, घरातला जाळं विणणारा कोळी नव्हे) तर नाहीच. उलट ते दिल्यावर कोळी वाढल्याची उदाहरणं आहेत. जुनिपरला कोळीच असतील तर तुम्ही आगीत तेल ओताल. फुलांवर आलेल्या झाडाला ते देऊच नये, मधमाश्या मरतात.

खोडकर

जेडचे ठिपके ओल्या फडक्याने पुसा. निघाले आणि खाली पान धड असेल तर ते क्षार. जेडच्या पानावरच्या बारीक रंध्रांतून पाणी पाझरतं, ते वाळलं की क्षार उरतात. पिठ्या असा सगळीकडे सारखा पसरत नाही, तो देठाच्या खाचेत दबा धरतो. तिथे सापडलाच तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलात कापसाची काडी बुडवून फक्त किड्याला लावा. आधी एका पानावर लावून दोन दिवस थांबा. जेडवर तेल किंवा साबण फवारू नका, पानावरची मेणाची साय जाते आणि डाग पडतात.

जुनिपरची फांदी पांढऱ्या कागदावर धरून जोरात झटका, अर्धा मिनिट थांबा. ठिपके चालायला लागले तर कोळी. कागदावरून बोट फिरवा: हिरवट किंवा तांबूस रेघ उमटली तर बहुधा रस शोषणारे. तुरुतुरु पळणारे बहुधा शिकारी कोळी, ते असू द्या. कागद कोरा राहिला तर मुळं तपासा. जुनिपर मुळाशी सुकलं तरी पालवी कित्येक आठवडे हिरवी राहते आणि मग धुरकट होते. तेव्हा दोष किड्याला देण्यात अर्थ नाही.

कोळी असतील तर आधी पाण्याचा जोरदार फवारा, आतल्या पालवीवर, खालून वर, तीन-चार दिवसांच्या अंतराने तीनदा. बरेचदा तेवढ्यावर भागतं. नाहीच भागलं तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम. मात्र तेल फवारून तीन आठवडे झाले नसतील किंवा ३२ अंशांच्या वर ऊन असेल तर गंधक नको, पालवी करपते.

मातीतले उड्या मारणारे स्प्रिंगटेल. ते बुरशी आणि कुजका पाला खातात, मुळांना लागत नाहीत. माती फार वेळ ओली राहते एवढंच त्यावरून कळतं.

कुंडीतला_वड

तपासलं. टेंगळं आडव्या रांगांत आहेत आणि उचकटली की साल निघून चीक येतो. जेडचे ठिपके पुसले गेले. जुनिपरच्या कागदावर ठिपके चालतात, रेघ तांबूस. फायकसची मुळं कुंडीतून काढून बघावीत का? आणि जिथे अळ्या नाहीत तिथल्या पिठ्याचं काय करू?

भिंगवाला

हो, गोळा अलगद उचलून कुंडीची आतली बाजू बघा. तिथे पांढरे-निळसर मेणाचे डाग आणि उड्या न मारणारे किडे असतील तर मुळांवरचा पिठ्या, तो वेगळा. मग पूर्ण मातीच बदलावी लागते: मुळं धुवा, जुनी माती फेका, कुंडी गरम पाण्याने घासा.

अळ्या नसलेल्या फांद्यांवर एक लिटर कोमट पाण्यात आधी १ मिली द्रवसाबण, मग ५ मिली कडुनिंबाचं तेल घालून ढवळा. साबण नंतर घातलात तर तेल वर तरंगतं आणि पानं भाजतात. मिश्रण त्याच दिवशी संपवा. माती प्लास्टिकने झाकून संध्याकाळी फवारा, पानांच्या खालच्या बाजूने आणि बेचक्यांत. अंड्यांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून ७ दिवसांच्या अंतराने तीनदा. अळ्यांच्या फांद्या तेवढ्या वेळ पिशवीने झाका.

खोडकर

आणि ते तेल जुनिपरवर वळवू नका. निळसर जातीची असेल तर रंग उतरतो, शिवाय गंधकासाठी तीन आठवडे अडकून पडाल.