उष्णता वाढली की भाताचा तुडतुडे-प्रतिकारक वाण ढासळतो: जनुक बिघडतं, कीड बदलते की चाचणी चुकते?

रोपपेटी
तपकिरी तुडतुड्याला प्रतिकारक अशी भाताची एक ओळ (पैदाशीतला वाण) आहे. रोपपेटी चाचणीत 27 अंश सेल्सिअसला तिला 3 गुण पडतात (गुण जितके जास्त तितकं नुकसान जास्त). तीच पेटी दिवसा 34 आणि रात्री 27 अंशांच्या कक्षात ठेवली तर 7. कीड त्याच पिंजऱ्यातली, बियाणंही तेच. पेरणीनंतर सातव्या दिवशी प्रत्येक रोपावर दुसऱ्या-तिसऱ्या अवस्थेची 8 ते 10 पिलं सोडली जातात आणि त्यानंतर नवव्या दिवशी गुण दिले जातात. प्रतिकार खरंच मोडला असं यावरून म्हणता येईल का?

चिमटा
अजून नाही. पहिली अडचण त्या "नवव्या दिवशी"मध्ये आहे. उष्ण कक्षात पिलं भराभर वाढतात, जास्त रस ओढतात, त्यामुळे संवेदनशील वाणसुद्धा लवकर मरतो. तारीख ठरवून गुण दिलेत तर उष्ण पेटीला नुकसानीचे जास्त दिवस मिळालेले असतात. त्याच पेटीतल्या टीएन-1 ची (तुलनेसाठी लावलेला संवेदनशील वाण) सुमारे 90 टक्के रोपं मेली की त्या दिवशी गुण द्या, मग तो सहावा दिवस असो की अकरावा. दुसऱ्या टोकाला पीटीबी-33 या पक्क्या प्रतिकारक वाणाची एक रांग हवीच. उष्णतेत तीही घसरली तर दोष तुमच्या ओळीत शोधू नका, आधी कक्ष तपासा.

दुसरी अडचण हवेच्या कोरडेपणाची. 27 अंश आणि 75 टक्के आर्द्रतेला हवेची बाष्पतूट (हवा अजून किती बाष्प ओढू शकते त्याचं माप) साधारण 0.9 किलोपास्कल असते. 34 अंश आणि 50 टक्क्यांना ती 2.7 च्या आसपास जाते, म्हणजे तिप्पट. रोप तहानेने पिवळं पडलं की किडीने, हे मग डोळ्यांना कळत नाही. 34 अंशांना आर्द्रता 83 टक्क्यांच्या जवळ ठेवली तर तूट पुन्हा 0.9 वर येते. तेवढी आर्द्रता जमत नसेल तर दोन्ही कक्षांत कीड न सोडलेली एकेक पेटी ठेवाच.

तापमान कुठे मोजता हेही सांगा. भिंतीवरच्या आकड्याचा उपयोग नाही. तुडतुडे बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर बसतात, आणि तिथे बाष्पीभवनामुळे पानापेक्षा थंडावा असतो. बारीक तारेचा संवेदक पाण्यापासून 2-3 सेंटिमीटरवर बुंध्याला टेकवा.

रसवाहिनी
चिमटा यांच्या दुरुस्त्या करूनही 7 च आले तर पुढचा प्रश्न कीड बदलली का हा. त्याची सोपी तपासणी आहे. उष्ण पेटीत त्या ओळीवर जगलेले तुडतुडे गोळा करा, टीएन-1 वर फक्त एक पिढी वाढवा आणि त्यांची पिलं पुन्हा त्याच ओळीवर 27 अंशांना सोडा. गुण 3 वर आले तर जनुक शाबूत आहे, तो फक्त उष्णतेत काम करत नव्हता. 7 च राहिले तर प्रतिकार मोडणारा जैवप्रकार (किडीचा वेगळा उपप्रकार) तुमच्या पिंजऱ्यात निवडला जातोय. टीएन-1 वर पिढ्यान्‌पिढ्या वाढवू नका, निवडीचा दाब सुटतो आणि निकाल पुसट होतो.

उलट बाजूचा धोका लोक विसरतात. तुडतुड्याच्या शरीरात यीस्टसारखे सहजीवी सूक्ष्मजीव असतात आणि ते उष्णतेला नाजूक असतात. 35 अंशांना सलग तीन दिवस ठेवलं की त्यांची संख्या खूप घटते आणि कीड मरगळते. अशा वेळी संवेदनशील ओळही "प्रतिकारक" दिसते. म्हणून पिंजरा 26-28 अंशांवर ठेवा आणि कक्षात रात्री तापमान उतरू द्या. तुमचं 34/27 हे वेळापत्रक त्या दृष्टीने बरं आहे.

रोपपेटी
दोघांचेही आभार. पण जनुक शाबूत असून काम का करत नाही? आणि उष्णता नेमकी कधी लागली की नुकसान होतं?

रसवाहिनी
बऱ्याच प्रतिकार जनुकांतून एनएलआर प्रकारची प्रथिनं बनतात. पेशीतली ती पहारेकरी असतात, किडीच्या लाळेतला खुणेचा रेणू ओळखून बचाव सुरू करतात. यातल्या काहींचं काम 28 अंशांच्या आसपास ढिलं पडतं. शिवाय वाढत्या तापमानात सॅलिसिलिक आम्लाची (झाडाच्या बचावाचं संप्रेरक) निर्मिती मंदावते, हे अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपात स्पष्ट दिसलं आहे. टोमॅटोतल्या एमआय-1 जनुकाचं उदाहरण जुनं आणि पक्कं: हा एकच जनुक सूत्रकृमी, बटाट्यावरचा मावा आणि पांढरी माशी यांना रोखतो, पण जमिनीचं तापमान 28 अंशांच्या वर गेलं की सूत्रकृमींविरुद्धचा प्रतिकार गळतो. रानटी टोमॅटोतल्या एमआय-9 ला मात्र तेवढी उष्णता चालते. गव्हात हेशियन माशीविरुद्धचे काही एच-जनुकही असेच लंगडतात. तिथे रोपांना 40 अंशांचा काही तासांचा चटकाही पुरतो.

भातात तुडतुड्याविरुद्धच्या बीपीएच जनुकांपैकी बीपीएच-14 हा एनएलआर गटातला. त्याचं एक काम म्हणजे अन्नरसवाहिनीत कॅलोज (बुचासारखा बसणारा शर्करायुक्त पदार्थ) साचवून तुडतुड्याची रसाची वाट अडवणं. बीपीएच-3 पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राही प्रथिनांतून चालतो. तेव्हा तुमच्या ओळीत कोणता जनुक आहे हे डीएनए मार्करने आधी पाहा. सगळे बीपीएच जनुक उष्णतेला सारखेच वागतील असं धरून चालू नका.

"कधी" चं उत्तर पेट्यांच्या अदलाबदलीतून मिळेल. एक पेटी पूर्ण वेळ 27 ला आणि एक 34/27 ला. तिसरी कीड सोडल्यापासून तीन दिवस उष्ण, मग थंड. चौथी याच्या उलट. तिसरी ढासळली आणि चौथी टिकली तर ओळखण्याचा पहिला टप्पाच उष्णतेत चुकतोय. गुणांबरोबर रसशोषणही मोजा: ब्रोमोक्रेसॉल ग्रीन हा रंग लावलेला गाळणकागद बुंध्याशी, त्यावर उपाशी ठेवलेल्या पाच माद्या, 24 तास. त्यांच्या विष्ठेचे डाग कागदावर पडतात; निळे डाग म्हणजे अन्नरस ओढला. बिनरंगी डाग बहुधा जलवाहिनीतल्या पाण्याचे, आणि उष्ण कक्षात तेच वाढतात. म्हणून डागांचं एकूण क्षेत्र न घेता निळं क्षेत्र वेगळं मोजा.

कपाशीवाला
बीटी कपाशीला हे स्पष्टीकरण लावू नका. तिथे झाड काही ओळखत नाही, विषारी प्रथिन सतत बनत असतं. बोंडं भरताना 37 अंशांच्या वर उन्हाळा तापला की पानातलं क्राय प्रथिन (तेच विष) घटतं, कारण झाडाचा एकूणच प्रथिननिर्मितीचा वेग मंदावतो आणि आहे ते तुटतं. तिथे जनुक शोधण्यापेक्षा नायट्रोजन आणि पाण्याचा ताण आधी पाहावा.

चिमटा
आणि प्रत्येक वेळी दोष उष्णतेलाच देऊ नये. ठिपक्यांच्या माव्याला प्रतिकारक लसूणघासाचा प्रतिकार थंडीत कमी होतो. जास्मोनिक आम्लाची (झाडाच्या बचावाचं दुसरं संप्रेरक) गोष्ट तर वेगळीच: टोमॅटोत 38 अंशांना अळीने पान खाल्लं की हा मार्ग जोरात चालतो, पण त्याच्याच नादात पर्णरंध्रं नीट उघडत नाहीत आणि पान आणखी तापतं. बचाव चालू, तरी झाड खालावतं. म्हणून तुमच्या चार पेट्यांत अवरक्त तापमापकाने पानांचं तापमान दुपारी एकदा नोंदवा, कीड असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही रोपांचं.