सतत चार्जरवर राहणाऱ्या जुन्या रेडमी नोट ४ ला रूट करावे का?

रानपाखरू:

नमस्कार मंडळी. घरात २०१७ साली घेतलेला रेडमी नोट ४ आहे. ३ जीबी रॅम, ३२ जीबी साठवण, आणि त्यात मिळालेली शेवटची प्रणाली म्हणजे मीयूआय ११ (शाओमी कंपनीचे अँड्रॉइडचे रूप). रोजच्या वापरातून तो केव्हाच निवृत्त झाला, पण पडदा, कॅमेरा आणि वाय-फाय शाबूत असल्यामुळे गावाकडे गोठ्यात खांबाला बांधून मी त्याचा पाळतीचा कॅमेरा केला आहे. गाय व्यायला आली की रात्री चार-चार वेळा बॅटरी घेऊन गोठ्यात जाण्यापेक्षा घरात अंथरुणातूनच पाहता येते, एवढाच त्याचा उपयोग, पण तो मोठा आहे.

अडचण अशी की हा फोन चोवीस तास चार्जरवर असतो. याआधी याच जागी ठेवलेल्या दुसऱ्या एका जुन्या फोनची बॅटरी फुगून त्याचे मागचे झाकण उचलले गेले होते. दोष त्या फोनचा नव्हे, माझ्या वापराचाच होता. मात्र कडब्याच्या गंजीपासून सहा हातांवर फुगलेली बॅटरी पाहिल्यावर झोप उडाली. चार्जिंग ७० टक्क्यांच्या आसपास आपोआप थांबावे अशी सोय करायची तर फोन रूट करावा लागतो असे वाचले. हे खरे आहे का? शिवाय नको असलेली आतली ॲप्स काढायची आहेत आणि जमल्यास त्याच फोनवर एक यूपीआय ॲपही ठेवायचे आहे. एका व्हिडिओत ‘फक्त हे ॲप टाका, एक बटण दाबा, फोन रूट’ असे सांगितले आहे, ते करून पाहावे काय? माझ्याकडे विंडोजचा लॅपटॉप आहे. आज्ञा टाइप करायला भीती वाटत नाही, पण हे काम पूर्वी केलेले नाही.

काळा_कातळ:

तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळी कामे एकत्र आली आहेत आणि त्यांपैकी एकालाच रूट लागते.

अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्स आहे. त्यात प्रत्येक ॲपला स्वतंत्र वापरकर्ता समजून वेगळा क्रमांक दिलेला असतो, आणि एका ॲपला दुसऱ्याच्या घरात डोकावता येत नाही. क्रमांक ० असलेला वापरकर्ता म्हणजे रूट. त्याला कुठलेच दार बंद नसते. फोन विकताना कंपनी या वापरकर्त्याचा मार्ग आपल्याला मोकळा ठेवत नाही. तो मोकळा करणे म्हणजे रूट करणे. बूटलोडर उघडणे ही निराळी आणि त्याच्या आधीची पायरी आहे. फोन सुरू होताना कंपनीची सही असलेलीच प्रणाली चढवायची, हा पहारा बूटलोडर करतो. तो उघडला म्हणजे फोन रूट झाला असे नाही, पण तो उघडल्याशिवाय आजच्या घडीला सरळ मार्गाने रूट करता येत नाही.

त्या एका बटणाच्या ॲपकडे मुळीच वळू नका. अशी ॲप्स लिनक्सच्या गाभ्यातल्या एखाद्या जुन्या भोकातून आत शिरत. ‘डर्टी काऊ’ नावाचे भोक २००७ पासून गाभ्यात होते आणि ते २०१६ च्या ऑक्टोबरात उघडकीला आले. त्यानंतरच्या सुरक्षा दुरुस्त्यांनी ते बुजवले. तुमच्या फोनवर मीयूआय ११ आहे म्हणजे ती वाट बंद आहे. आणि समजा एखादे ॲप यशस्वी झालेच, तर क्रमांक ० च्या किल्ल्या तुम्हाला मिळायच्या आधी त्या अनोळखी ॲपला मिळतात, हे विसरू नये.

नको असलेली ॲप्स काढायला रूट लागत नाही. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंग सुरू करून लॅपटॉपवरून एडीबीची (केबलने जोडलेल्या फोनला आज्ञा देणाऱ्या साधनाची) अनइन्स्टॉलची आज्ञा ‘यूजर ०’ या पर्यायासह दिली की ॲप तुमच्यापुरते नाहीसे होते. (या ० चा वरच्या रूटशी संबंध नाही, तो फोनच्या पहिल्या मालकाचा क्रमांक.) त्याची मूळ प्रत सिस्टीम विभाजनात, म्हणजे प्रणालीसाठी राखलेल्या साठवणीच्या भागात, तशीच राहते, त्यामुळे जागा फारशी मोकळी होत नाही आणि फॅक्टरी रीसेट केल्यास सगळी मंडळी परत येतात, पण पार्श्वभूमीत चालणे आणि सूचना पाठवणे थांबते.

तुमच्या फोनवर चार्जिंग मध्येच थांबवणे हे मात्र खरोखर रूटचे काम आहे. बॅटरीचा पुरवठा चालू-बंद करणारी एक छोटी फाइल लिनक्सच्या गाभ्याने ‘सिस’ या फोल्डरच्या पोटात उघडी ठेवलेली असते. तीत १ च्या जागी ० लिहिले की चार्जिंग थांबते. तिथे लिहिण्याचा हक्क साध्या ॲपला नसतो. म्हणूनच ‘७० टक्के झाले’ म्हणून भोंगा वाजवणारी ॲप्स प्ले स्टोअरवर सापडतात, पण वीज तोडणारी साध्या फोनवर चालत नाहीत.

दिवेलागण:

वरचे विवेचन बरोबर आहे, पण इतक्या खटाटोपाची गरज आहे का, हा माझा प्रश्न आहे. विजेच्या सामानाच्या दुकानात टायमर असलेला सॉकेट मिळतो. दोन तास चालू, चार तास बंद असे दात लावून ठेवले की काम झाले. बूटलोडर नको, रूट नको. शिवाय उघडलेल्या बूटलोडरचा फोन ज्याच्या हाती पडेल तो त्यात हवी ती प्रणाली चढवू शकतो. गोठ्यातला फोन म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाताशी असलेलाच फोन.

यूपीआयचा विचार तर सोडूनच द्या. फोन मूळ स्थितीत आहे की नाही याची चौकशी ही ॲप्स गूगलच्या प्ले इंटेग्रिटी या व्यवस्थेकडे करतात, आणि नुसता बूटलोडर उघडा असला तरी नकारच येतो. पूर्वी मॅजिस्क या रूट करण्याच्या साधनात रूट लपवण्याची सोय होती, ती २०२२ मध्ये आलेल्या २४ व्या आवृत्तीतून काढून टाकली गेली. आता इतरांनी लिहिलेली मॉड्यूल्स (मॅजिस्कला जोडायचे छोटे तुकडे) घालून लपंडाव खेळणारे खेळतात, पण पैशाच्या व्यवहारासाठी असा खेळ मी कोणालाही सुचवणार नाही.

रानपाखरू:

दोघांचेही आभार. यूपीआय या फोनवरून वगळले. टायमरचा सॉकेट मी वर्षभर वापरून पाहिला आहे. आमच्याकडे भारनियमन ठरल्या वेळी होत नाही. वीज गेली की दातांचा टायमरही जागीच थांबतो आणि वीज आली की तिथूनच पुढे चालू लागतो. त्याच्या ‘बंद’च्या चार तासांत आणखी चार तास वीज नसली की पहाटे फोन मेलेला सापडतो, आणि गाय नेमकी पहाटेच वितते. वीज आहे तोवर बॅटरी ७० च्या वरच राहिली आणि वीज गेल्यावर ती ४,१०० एमएएचची बॅटरी कामी आली, असेच मला हवे आहे. तेव्हा रूटची रीत सांगावी.

काळा_कातळ:

मग निर्णय योग्य आहे. पुढचे सावकाश वाचा आणि एका बैठकीत सगळे उरकायचा आग्रह धरू नका, कारण मधला एक टप्पा तुम्हाला आठवडाभर थांबवणार आहे.

पहिली गोष्ट, बूटलोडर उघडताना फोनमधला सगळा मजकूर पुसला जातो. हवे ते आधी बाहेर काढा. मग ‘अबाउट फोन’मध्ये मीयूआयच्या आवृत्तीवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा, त्यात ओईएम अनलॉकिंग सुरू करा आणि ‘मी अनलॉक स्टेटस’मध्ये जाऊन आपले शाओमी खाते या फोनशी जोडा. हे जोडताना वाय-फाय बंद ठेवून सिमचा डेटा वापरावा लागतो. गोठ्यातल्या फोनमध्ये सिम नसेल तर तात्पुरते घाला. त्यानंतर फोन बंद करून आवाज कमी करण्याचे बटण आणि पॉवरचे बटण एकत्र दाबून धरा. कानटोपी घातलेला ससा अँड्रॉइडच्या हिरव्या बाहुल्याची दुरुस्ती करताना दिसला की तुम्ही फास्टबूटमध्ये, म्हणजे लॅपटॉपवरून थेट बूटलोडरला आज्ञा देण्याच्या अवस्थेत, आलात. लॅपटॉपवर कंपनीचे ‘मी अनलॉक’ हे साधन चालवा. पहिल्या खेपेला ते बहुधा नकारच देईल आणि किती तास थांबायचे ते सांगेल. १६८ तास, म्हणजे सात दिवस, हा आकडा अनेकांनी पाहिला आहे. या काळात खाते बाहेर काढू नका, पुन्हा जोडू नका. नाहीतर मोजणी पहिल्यापासून सुरू होऊ शकते.

बूटलोडर उघडल्यावर मॅजिस्क. जॉन वू या तरुणाने २०१६ मध्ये ते पहिल्यांदा आणले. पुढे २०२१ मध्ये तो गूगलच्याच अँड्रॉइड सुरक्षा विभागात रुजू झाला, ही यातली गंमत. मॅजिस्क सिस्टीम विभाजनाला हात लावत नाही, फक्त बूट विभाजनात, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या भागात, आपला तुकडा जोडते, म्हणून बिघडले तरी मूळ बूट प्रतिमा (त्या भागाची फाइल) परत घातली की बहुतेक वेळा फोन पूर्वपदावर येतो. ती मूळ बूट प्रतिमा कुठून आणायची, याच जागी सर्वाधिक लोक घसरतात. तुमच्या फोनवर मीयूआयची जी आवृत्ती आहे, शेवटच्या अक्षरापर्यंत नेमकी तीच आवृत्ती कंपनीच्या अधिकृत रॉममधून (फोनच्या संपूर्ण प्रणालीच्या फाइलमधून) उतरवा आणि त्यातली बूट प्रतिमा वेगळी काढून फोनवर ठेवा. मॅजिस्क ॲपमध्ये ‘इन्स्टॉल’ आणि मग फाइल निवडून पॅच करण्याचा (तीत मॅजिस्कचा तुकडा जोडण्याचा) पर्याय घेतला की डाउनलोड फोल्डरमध्ये पॅच केलेली नवी प्रतिमा तयार होते. ती लॅपटॉपवर घ्या.

आता ती लगेच फ्लॅश करू नका, म्हणजे फोनवर कायमची लिहू नका. आधी ‘फास्टबूट बूट’ ही आज्ञा देऊन त्या प्रतिमेवरून फोन एकदाच, तात्पुरता सुरू करून पाहा. नीट सुरू झाला आणि मॅजिस्क ॲप रूट असल्याचे दाखवू लागले, तर त्या ॲपमधूनच ‘डायरेक्ट इन्स्टॉल’ करा. सुरू झाला नाही, तर पॉवरचे बटण धरून बंद करा आणि पुन्हा चालू करा. फोनवर काहीच लिहिले गेलेले नसल्यामुळे तो जसाच्या तसा उठेल.

चार्जिंगसाठी एसीसी नावाचे मॉड्यूल मॅजिस्कमधून घाला. ते मुळातच ७५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवते आणि ७० वर पुन्हा सुरू करते. आकडे बदलता येतात. घातल्यावर त्याची चाचणीची आज्ञा एकदा जरूर चालवा. एका प्रकारच्या स्विचमध्ये चार्जिंग थांबते पण फोन चार्जरच्याच विजेवर चालत राहतो आणि बॅटरीला विश्रांती मिळते. दुसऱ्या प्रकारात चार्जरच तोडला जातो आणि फोन बॅटरी खात राहतो. तुम्हाला पहिला प्रकार हवा आहे. काठोकाठ भरलेल्या बॅटरीतील वरचा विद्युतदाब आणि उष्णता हे दोन्ही सतत राहिले की आतला द्रव विघटित होऊन वायू धरतो, आणि फुगवटा त्याचाच असतो.

जुनाजाणता:

काळा_कातळ यांनी ‘शेवटच्या अक्षरापर्यंत’ असे लिहिले आहे, ते शब्दालंकार म्हणून घेऊ नये. माझ्या एका स्वस्त फोनवर मी मागच्या महिन्याच्या आवृत्तीची बूट प्रतिमा घातली आणि फोन बोधचिन्हापाशीच घुटमळत राहिला. मूळ प्रतिमा जपून ठेवली नव्हती, ती पुन्हा उतरवायला आमच्याकडच्या इंटरनेटवर रात्र गेली. चूक सर्वस्वी माझी.

आणखी एक सापळा. मूळ रॉम पुन्हा चढवण्यासाठी कंपनीचे मीफ्लॅश वापरायची वेळ आली, तर खिडकीच्या तळाशी ‘सगळे पुसा आणि कुलूप लावा’ या अर्थाचा पर्याय आधीच निवडलेला असतो. तो न बदलता बटण दाबले तर बूटलोडर पुन्हा बंद होतो आणि सात दिवस पाण्यात जातात. त्याहून वाईट म्हणजे, चीनमधल्या फोनवर भारतातली किंवा जागतिक रॉम असताना कुलूप लावले तर फोन सुरूच व्हायचा नाही.

थोडे अवांतर. २०११-१२ च्या सुमारास आम्ही फोन रूट करायचो ते बॅटरीसाठी नव्हे, मराठी वाचण्यासाठी. अँड्रॉइड २.३ असलेल्या पुष्कळ स्वस्त फोनांत देवनागरी टंक नसायचाच, सगळीकडे चौकोन दिसायचे. ऑपेरा मिनीमध्ये अक्षरांची चित्रे मागवण्याची एक छुपी सोय होती, तिच्यावर दिवस काढले. रूट करून टंक घातला तरी जोडाक्षरे फुटायची आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला बसायची. तरीही ते चौकोन गेल्याचा आनंद अजून आठवतो.

रानपाखरू:

नऊ दिवसांनी परत आलो. मला अगदी १६८ तासच सांगितले होते. ते संपल्यावर बूटलोडर सुटला, आता सुरू होताना बोधचिन्हाखाली ‘अनलॉक्ड’ अशी अक्षरे दिसतात. पॅच केलेली प्रतिमा तयार आहे, परंतु ‘फास्टबूट बूट’ दिल्यावर लॅपटॉप ‘उपकरणाची वाट पाहत आहे’ या अर्थाच्या ओळीवर अर्धा तास थांबून आहे. फोनवर ससा तसाच आहे. अनलॉकच्या वेळी हाच लॅपटॉप, हीच केबल होती.

काळा_कातळ:

फोन ठीक आहे, विंडोजला तो ओळखता आलेला नाही. अनलॉकचे साधन आपला ड्रायव्हर स्वतः बसवते, तुम्ही बहुधा नंतर दुसरा यूएसबी पोर्ट वापरला. डिव्हाइस मॅनेजर उघडून पिवळे चिन्ह असलेली ‘अँड्रॉइड’ नावाची ओळ शोधा आणि तिला अँड्रॉइड बूटलोडर इंटरफेसचा ड्रायव्हर हाताने लावा. लॅपटॉपला जुन्या पद्धतीचा, आतून निळा नसलेला यूएसबी पोर्ट असेल तर आधी तोच वापरून पाहा. बरेचदा तेवढ्यानेच भागते.

रानपाखरू:

पोर्ट बदलल्यावर दुसऱ्या सेकंदाला फोन हलला. तात्पुरता सुरू करून पाहिला, नंतर डायरेक्ट इन्स्टॉल केले. आज्ञा टाइप करण्याच्या टर्मिनल ॲपने पहिल्यांदा रूटची परवानगी मागितली तेव्हा ‘द्या’ आणि ‘नाकारा’ यांच्यापुढे दहापासून उलटी मोजणी सुरू झाली, आणि मी चष्मा शोधेपर्यंत ती संपून नकार गेला. दुसऱ्या वेळी चष्मा लावूनच बसलो. एसीसीच्या चाचणीत पहिल्या प्रकारचा स्विच सापडला. थांबण्याचा आकडा ७५ आणि पुन्हा सुरू होण्याचा ७० तसाच ठेवला आहे. काल रात्री साडेतीन तास वीज नव्हती, सकाळी पाहिले तेव्हा फोन ५८ वर होता आणि चार्ज होत होता. राऊटरला मात्र अजून इन्व्हर्टर नाही, त्यामुळे त्या साडेतीन तासांत कॅमेरा चालू असूनही घरी काही दिसले नाही. ते आता पाहतो.