चिंता वाटते म्हणजे विश्वास कमी, असं नाही

ताई, यजमानांची नोकरी गेल्यापासून घराच्या हप्त्याच्या धास्तीने झोप लागत नाही, प्रार्थनेला बसलं तरी मन तिथेच घुटमळतं, असं तुम्ही लिहिलंय. त्यावर वरच्या एका प्रतिसादात कुणीतरी 'विश्वास कमी पडतोय' म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशू स्वतः व्याकूळ झाला होता, 'हे दुःख माझ्यापासून दूर कर' ही एकच विनवणी त्याने तीनदा केली. त्याला कोण अविश्वासी म्हणेल?

बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रात (4:6) प्रेषित पौल सांगतो की चिंता करू नका, आपलं मागणं देवाला कळवा, आणि तेही आभार मानून. हे त्याने कैदेत असताना लिहिलंय, पुढे सुटका की मरण हे ठाऊक नसताना. म्हणून त्याचा शब्द मला खरा वाटतो. मी प्रार्थनेत मोघम बोलत नाही. 'देवा, 5 तारखेचा हप्ता, मुलीची फी' असं एकेक नाव घेऊन सांगते, मग आज मिळालेल्या एखाद्या गोष्टीचे आभार. मन हळूहळू निवतं.

जमलं तर बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेनाला, म्हणजे मारियामातेच्या सामूहिक प्रार्थनेला या. 1948 पासून चालू आहे. घराचं मागणं म्हणून मेणाचं छोटं घर हातात धरून उभी असलेली माणसं दिसतील, त्यात ख्रिस्ती नसलेलेही कितीतरी. एकटीला शब्द सुचत नाहीत तेव्हा एवढ्या लोकांबरोबर म्हटलेली प्रार्थना फार आधार देते.

आणि हप्ता थकायच्या आधीच बँकेत जाऊन बोला, प्रार्थना करूनच निघा. आमच्या घरी रोज रात्री रोझरी (जपमाळेची प्रार्थना) होते, त्यात तुमच्या कुटुंबासाठीही मागतोय.