Re: स्पोर्ट्स कारच्या टायरमध्ये हवा किती ठेवावी?

वर एकांनी लिहिलंय की टायरच्या बाजूला छापलाय तेवढा आकडा भरून टाका, प्लीज असं करू नका, तो आकडा कमाल मर्यादेचा असतो. तुमच्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो आणि तो थंड टायरचा, म्हणजे गाडी निदान ३ तास उभी असताना मोजायचा. पुढचा-मागचा वेगळा असेल तर वेगळाच ठेवा, पोर्श ९११ मध्ये इंजिन मागे असल्यामुळे मागे जास्त लागते, चारी चाकांत सारखी हवा मारली की गाडीचा तोलच बदलतो.

रेसिंग ट्रॅकवर मात्र गरम टायरचं प्रेशर बघायचं. टायरचं तापमान साधारण ५-६ अंश सेल्सिअसने वाढलं की दाब १ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) वाढतो, त्यामुळे चार-पाच लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) मारून लगेच पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाडी थांबवायच्या जागेत, येऊन मोजा आणि हवा थोडी थोडी कमी करा. मी टायरच्या कडेवरून बाजूपर्यंत खडूची रेघ मारतो, खडू टायरच्या बाजूवर खालपर्यंत पुसला गेला तर हवा कमी आहे, कडेपर्यंतही पुसला नाही तर जास्त. आणि घरी निघताना परत भरायला विसरू नका, टायर थंड झाले की हवा फारच कमी झालेली असते, तशीच हायवेला पळवणं खरंच धोक्याचं आहे.