'इंटेन्शनल लिव्हिंग'ला मराठीत काय म्हणाल? (मुद्दाम, आवर्जून, संकल्प, नेम)

खडीसाखर
आमच्या ज्येष्ठ नागरिक संघासाठी एक आठ पानी पुस्तिका मराठीत करते आहे. विषय असा की रोजचा दिवस आला तसा ढकलू नये, काहीतरी मनाशी धरून घालवावा. इंग्रजी नाव 'इंटेन्शनल लिव्हिंग'. 'हेतुपूर्ण जीवन' लिहिलं आणि मलाच शाळेच्या फळ्यावरचा सुविचार आठवला. 'जाणीवपूर्वक जगणं' म्हणावं तर ते शिबिरातलं. घरात कुणी बोलतं का असं?

ताकपिठा
मुद्दाम जगणे! (पळतो आता.)

खडीसाखर
हसू नका, मी तेही लिहून पाहिलं होतं. पण 'मुद्दाम' म्हटलं की समोरचा आरोपीच. 'मुद्दाम सांडलंस ना?' 'जाणूनबुजून' त्याहून वाईट, आणि 'हेतुपुरस्सर' तर थेट कोर्टात उभं करतं.

दगडफूल
अगदीच तसं नाही. 'तुमच्यासाठी मुद्दाम डिंकाचे लाडू आणलेत' यात कसला आरोप? पण एक खरं, आपल्याकडे हेतू उघड बोलत नाहीत. स्थळ घेऊन आलेला माणूससुद्धा 'सहजच, इकडून चाललो होतो' म्हणतो. चिवड्याची बशी निम्मी झाली की मग 'बरं का, तुमच्या धाकटीचं...' 'त्यात त्याचा काहीतरी हेतू असणार' हे आपण कौतुकानं म्हणत नाही. तेव्हा 'हेतू' शीर्षकातून काढाच.

माझं मत 'आवर्जून'ला. संस्कृतात 'आवर्जित' म्हणजे कललेला, वाकवलेला. कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गात पार्वती येते ती 'आवर्जिता', किंचित झुकलेली. आवर्जून येणारा माणूस तुमच्याकडे कलूनच आलेला असतो, नाही का? अडचण एवढीच की ते दुसऱ्यासाठी. 'मी आवर्जून व्यायाम करतो' असं लोक हल्ली म्हणतात, मला खटकतं.

ताकपिठा
मग सरळ 'संकल्प' म्हणा की. सरकारसुद्धा दरवर्षी अर्थसंकल्प करतं.

जुनी वही
संकल्प मोठा शब्द आहे, पण तो एकदाच करायचा असतो. पूजेतला आठवा. काय करणार ते सांगण्याआधी गुरुजी तुम्ही कुठे बसलात ते सांगतात: जंबुद्वीप, भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचा अमुक तीर. मग शालिवाहन शक, संवत्सर, महिना, तिथी, वार. एवढा पत्ता लिहून झाल्यावर तुमचं नाव-गोत्र, आणि शेवटी 'करिष्ये' म्हणून तळहातावरून पळीभर पाणी ताम्हनात. मला लहानपणी त्यातलं फक्त पाणी सोडणं आवडायचं.

गंमत बघा, दानाचा संकल्प करतानाही उदक सोडतात, आणि बोलताना 'त्या पैशांवर आता पाणी सोड' म्हणजे विसर. एक जानेवारीच्या संकल्पांवर आपण पाणी सोडतो ते बहुतेक दुसऱ्या अर्थानं.

ताई, तुम्हाला हवा तो शब्द 'नेम' आहे.

संस्कृत 'नियम'चं हे घरगुती रूप. पण मराठीत आल्यावर त्यानं काय संसार मांडलाय! नेम धरला की तो बंदुकीचा किंवा आंब्यावर मारायच्या दगडाचा. नेम धरून बसलेली आजी म्हणाल तर ती जपाला बसलेली. 'आज नेम चुकला' हे वाक्य पोरगं कैरीखाली म्हणेल आणि म्हातारी देवघरात. लक्ष्य आणि रोजचा परिपाठ, दोन्हीला एकच शब्द. वर 'पावसाचा काही नेम नाही' हे आहेच, म्हणजे भरवसाही त्याच शब्दात आला. हरिपाठात 'नित्य नेम नामीं ते प्राणी दुर्लभ' म्हटलंय, त्यात 'दुर्लभ' महत्त्वाचं.

माझी आजी रोज ज्ञानेश्वरीच्या नऊ ओव्या वाचायची. दहावी वाचायची नाही, कितीही रंगली तरी. खूण म्हणून एसटीचं तिकीट. एकूण ओव्या ९०३३, म्हणजे एका पारायणाला हजारावर चार दिवस, पावणेतीन वर्षं. आम्ही विचारायचो, आजी, संपणार कधी? ती म्हणायची, 'संपवायला कुठं बसलेय?' नऊच का, हे कुणी विचारलं नाही. चातुर्मासात यात भर म्हणून वांगं बंद.

दगडफूल
पटलं. पण मग 'नेमका' कुठून घुसला? 'नेमका आजच गॅस संपला', 'नेमकी तीच बस चुकली'. ज्यात कुणाचाच नेम नव्हता तिथे हा हजर.

जुनी वही
तो गोळी बरोब्बर लागल्याचा भाव आहे. नेम कुणी धरला ते विचारायचं नाही, लागला तो आपल्यालाच.

खडीसाखर
छान आहे हे. पण 'वसा'चं काय? श्रावणातल्या कहाण्यांत 'उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये' असतं.

जुनी वही
वशाची हल्ली वाट लागलीय. ज्याच्या-त्याच्या सत्कारात 'समाजसेवेचा वसा घेतलेले'. शिवाय कहाणीत वसा टाकला की घरदार, दौलत सगळं जातं. तुमचे वाचक सत्तरीचे, त्यांना कशाला घाबरवता? नेम परवडतो.

ताकपिठा
पुस्तिकेवर नुसतं 'नेम' छापलंत तर नेमबाजीचे वर्ग समजून येतील लोक.

खडीसाखर
मग 'नेमाचा दिवस' कसं वाटतं? आणि एक राहिलंच. इंग्रजीत शेवटचं पान आहे नेम मोडला तर काय करायचं यावर. तिथे 'अपराधभाव बाळगू नका, स्वतःला क्षमा करा' वगैरे पाऊण पान आहे. मराठीत ते फारच रडवेलं वाटतंय.

जुनी वही
'खाडा' लिहा. कॅलेंडरवर दूधवाल्याचे खाडे मांडतो तसे. चौकटीत एक फुली मारायची, महिनाअखेर मोजायच्या, तेवढे पैसे वजा. दूध दुसऱ्या दिवशी येतंच. आजीच्या तिकिटाच्या मागेही पेन्सिलीनं अशा फुल्या होत्या, वर्षाकाठी पाच-सात.

खडीसाखर
खाडा! पाऊण पान वाचलं माझं.