बाळाला व्हीएसडी (हृदयाच्या पडद्याला भोक) निघालाय, ग्रहणामुळे होतं का हे?

डिचोलीची_आई
बाळ दीड महिन्याचं. लस द्यायला नेलं तर डॉक्टर म्हणाले ठोक्यांत आवाज येतोय. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) इको केला, ३ मिलीमीटरचा मस्क्युलर व्हीएसडी, म्हणजे पडद्याच्या स्नायूच्या भागात भोक. आवाज बराच मोठा आहे पण घाबरू नका म्हणाले, आता आवाज मोठा म्हटल्यावर घाबरायचं नाही तर काय करायचं? जन्मल्यावर तपासलं तेव्हा काहीच नव्हतं, मग आता कुठून आलं? सासूबाई म्हणतात ७ सप्टेंबरच्या ग्रहणाचे वेध लागल्यावर मी आदोळीवर (विळीवर) भाजी चिरत बसले म्हणून. तेव्हा सहावा महिना होता. झोप उडालीय.

फोंडेकर७
ताई, ग्रहणाचं डोक्यातून काढा आधी. आमच्या मुलीला पण हेच होतं, माझ्या आईने बायकोला महिनाभर हेच ऐकवलं. दोन वर्षांनी इकोत भोक बंद झालेलं दिसलं, ऑपरेशन नाही काही नाही. पण फॉलोअप चुकवू नका हां.

वॉर्डातली_सिस्टर
हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा पोटात असताना साधारण आठव्या आठवड्यापर्यंत तयार होतो. म्हणजे तुम्ही आदोळीवर बसलात त्याच्या कितीतरी आधीच ते भोक राहिलेलं होतं, सासूबाईंना हाच हिशोब सांगा. जन्मल्यावर ऐकू आलं नाही कारण तेव्हा फुप्फुसातला दाब जास्त असतो, दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या, रक्त भोकातून फारसं जात नाही, मग काही दिवसांत-आठवड्यांत तो दाब उतरतो आणि डावीकडून उजवीकडे झोत सुरू होतो. आणि मोठ्या आवाजाचं म्हणाल तर कुळागरात शिंपताना पाईपचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाणी कसं सूंसूं करतं? भोक लहान तरी आवाज मोठा, तसंच. खूप मोठ्या भोकाचा उलट कमी येतो पण बाळ दमतं. मस्क्युलर लहान असेल तर बरेचदा आपोआप बंद होतं.
तुम्ही बघायचं ते दुसरंच. दूध ओढताना कपाळाला घाम, मधेमधे सोडून धापा टाकणं, वजन न वाढणं, यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. ओठ निळे पडले तर लगेच इमर्जन्सीत.

डिचोलीची_आई
घाम नाही येत, पंधरा मिनिटांत पितो आणि झोपतो. सिस्टर, तुमचं सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत, बाळाला मांडीवर घेऊन बसल्यात. बुधवारी वजन आहे.